लॉनमधले खड्डे आणि धुळ्याची अक्का

आधीच सांगून टाकते, मी जळकी बाई आहे. लोक म्हणतात, तसं नव्हे हो, तुम्ही किती मनमिळाऊ. म्हणू देत. माझ्या थोरल्या जावेचं कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात कळ येते, आणि गेली सव्वीस वर्षं ती येतेच आहे. जाऊ, म्हणजे आमची अक्का, धुळ्याला, मी जळगावला. मध्ये दोन तासांचा रस्ता आहे, पण कळ यायला दोन मिनिटं पुरतात. आमच्या ह्यांचा फोन स्पीकरवर असतो ना.

आमचे हे कॉलेजला धुळ्याला थोरल्या भावाकडे राहिले. वहिनीच्या हातचं जेवून मोठे झाले. ते ठीक आहे. पण आता साठी उलटली तरी कढी आंबट झाली की वहिनीला फोन, गुडघा दुखला की वहिनीला फोन. शेवभाजी मी केली की पहिला घास तोंडात घालून हे जरा थांबतात. त्या थांबण्याचा अर्थ मला बरोबर कळतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पण ह्या सगळ्यापेक्षा मोठं दुखणं कानबाईचं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी मांडायची, रात्रभर गाणी, फुगड्या, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. त्या दिवशीचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनीच खायचे, परक्याला कणसुद्धा द्यायचा नाही. सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, आणि ते घर आमच्यात कायम धुळ्याचं. मी सव्वीस वर्षं तिथे धाकटी म्हणून कणीक मळली. दारात उभं राहून 'या, या' म्हणणारी ती, आणि मोरीपाशी भांडी मोजणारी मी. एकदा तरी कानबाई माझ्या दारातून आत यावी, एवढं एकच मागणं होतं माझं. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास आबांचा फोन आला. आबा म्हणजे ह्यांचे चुलते, धरणगावजवळ आमच्या मूळ गावी राहतात, घरातले सगळ्यात मोठे. म्हणाले, थोरलीचा गुडघा फार धरलाय, तिला खाली बसवत नाही, तर यंदा कानबाई जळगावला बसवू. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच गिरकी घेतली. चोपन्नाव्या वर्षी! ह्यांनी बघितलं आणि विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, चक्कर आली.

आमचं घर जळगावच्या टोकाला, कॉलनीत शेवटचं. कुंपणाच्या भिंतीपलीकडे नाला आणि त्यापलीकडे कपाशीची शेतं. घरासमोर बऱ्यापैकी मोकळी जागा होती, तिथे नुसती माती आणि एक कढीपत्ता. मी ठरवलं, इथे लॉन करायचं. साठ-सत्तर माणसांची पंगत हिरव्यागार लॉनवर बसली पाहिजे. धुळ्याच्या अंगणात शहाबादी फरशी आहे, बसून बसून माणसांची हाडं दुखतात. एकदा माझ्या लॉनवर बसले की पुन्हा त्या फरशीचं नाव काढणार नाहीत, असा माझा हिशोब.

लॉनची गोष्ट ह्यांनी लगेच धुळ्याला सांगितली. चार दिवसांत तिकडून टेम्पोत शेणखताच्या गोण्या आल्या, त्यांच्या शेतातल्या उकिरड्याच्या. मी कपाळाला हात लावला. लॉन माझं, आणि त्याच्या पायाखालीसुद्धा हिचंच खत! पण बाजारात खत काय भावाने मिळतं ते मला ठाऊक होतं. मुकाट्याने पसरून घेतलं. पाऊस पडल्यावर नर्सरीतून लॉनच्या लाद्या आणून बसवल्या. आषाढ संपेपर्यंत असं दाट झालं, की शेजारचे निवृत्त साहेब रोज भिंतीवरून डोकावून बघायचे. मला बरं वाटायचं. दुसऱ्याला जळताना बघण्याची सवयच नव्हती मला.

आणि श्रावण लागता लागता खड्डे पडायला लागले.

सकाळी पाणी मारायला गेले तर सात-आठ खड्डे. वाटीएवढे तोंडाला, खाली निमुळते, बोटभर खोल. माती एका बाजूला उडवलेली. दुसऱ्या दिवशी वीस. तिसऱ्या दिवशी मी मोजायचं सोडलं. ओ माय वं! एखाद्याने सुपारी घेऊन खोदावं तसं ते खोदलं होतं. कानबाईला तेरा दिवस राहिले होते, आणि आठवड्याभराने आबा जागा बघायला येणार होते.

ह्यांनी बघून सांगितलं, "कुत्रं असेल." मी म्हटलं, कुत्रं एक मोठा खड्डा करतं आणि गारव्याला त्यात बसतं. ते काय गल्लीबोळ पाडत फिरतं? मग दूधवाल्याला विचारलं. तो पहूरकडचा, त्यांच्याकडे रानडुकरांनी मका झोपवलाय, त्यामुळे त्याला सगळीकडे डुक्करच दिसतं. तो ठामपणे म्हणाला, डुक्कर. अरे बाबा, डुक्कर आलं असतं तर सगळं लॉन नांगरून ठेवलं असतं, आणि फाटक बंद असताना ते काय भिंतीवरून उडी मारून आलं? शेजारचे साहेब म्हणाले, "साळिंदर." हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही. पण साळिंदर मुळं, कंद कुरतडतं, काटे टाकून जातं. माझं एक मूळ कुरतडलेलं नव्हतं, एक काटा सापडला नव्हता.

मग मला घुशीचा संशय आला. घुशीचं बीळ आत लांबवर जातं. मी नळी घेतली आणि एका खड्ड्यात पाणी सोडलं. चार मोजेपर्यंत खड्डा भरून वाहायला लागला. म्हणजे खाली बीळ नाही. घूसही गेली. आता उरलं काय? मला मनातून एकच वाटत होतं, की दृष्ट लागली. आणि कुणाची, तेही वाटत होतं.

"वहिनीला विचारू का?" हे म्हणाले.

"मुळीच नाही," मी म्हटलं. "माझ्या लॉनचं मी बघून घेईन."

विचारायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. तिचं माहेर शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. लहानपणी रानात मोहाची फुलं वेचायला जायची. मातीवरचा माग बघून कोण गेलं आणि कुठे गेलं ते सांगते. सासरी आल्यावर पहिल्याच वर्षी तिने शेतातली पावलं बघून तरस ओळखला म्हणून अजून गावात सांगतात. मी बोदवडची, स्टेशनजवळची. मला गाड्यांचे भोंगे ओळखता येतात. त्याचं कुणाला कौतुक?

तर मी युक्ती काढली. आठ दिवस पावसाने उघडीप दिली होती. पांढरी रांगोळी आणली आणि ह्यांना सांगितलं, संध्याकाळी चाळणीने लॉनभर टाका, सकाळी पावलं उमटलेली दिसतील. मला डास फार चावतात, म्हणून मी संध्याकाळी बाहेर पडत नाही. ह्यांनी टाकली. सकाळी पाहते तर नवे खड्डे आहेत, आणि रांगोळीवर पाऊल एकही नाही. एक मांजर तेवढं कडेने गेलं होतं. पाणी मारताना ती रांगोळी धुऊन गेली, ह्यांनी संध्याकाळी पुन्हा टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी देवापुढे दोन उदबत्त्या जास्त लावल्या. खड्डा पडतो आणि पाऊल उमटत नाही म्हणजे काय समजायचं?

मी पूजेला बसले होते तेव्हा ह्यांनी गुपचूप धुळ्याला फोन लावला. गुपचूप, पण स्पीकरवर. सवय ती सवय. मला देवघरात सगळं ऐकू येत होतं.

"भाऊ, खड्डामा रांगोळी शे का?" ती विचारत होती. म्हणजे खड्ड्याच्या आत रांगोळी आहे का.

हे बाहेर गेले, वाकून आले. "आहे की. आतसुद्धा पांढरं आहे."

"मंग खड्डा आधी पडना, रांगोळी नंतर पडनी. तो दिनमा येस. रांगोळी सकाळे टाका."

माझ्या हातातली घंटा तशीच राहिली. इतकी साधी गोष्ट! मी रोज दुपारी कूलर लावून दोन तास झोपते, हे पत्ते खेळायला जातात. आम्ही दोघं चोराला रात्री शोधत होतो आणि तो आमच्या दुपारच्या झोपेत येत होता. मला कळायला नको? आणि ह्यांना? रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने रांगोळी टाकताना खड्डे आधीच पडलेले आहेत, हे ह्यांना दिसू नये? मी तिच्यावर चिडले, ह्यांच्यावर चिडले, आणि दुपारी मुकाट्याने खिडकीच्या पडद्याआड खुर्ची टाकून बसले.

अडीचच्या सुमाराला नाल्याच्या बाजूने, फाटकाखालून, एक मुंगूस आलं. लांबट, करड्या रंगाचं. थांबून कान दिला, मग लॉनवर नाक घासत निघालं. एके ठिकाणी थबकलं आणि पुढच्या दोन पायांनी भराभरा माती उडवली, तोंड खाली घातलं, काहीतरी पांढरं ओढून काढलं आणि मिटक्या मारत खाल्लं. मग पुढचा खड्डा. मुंगसाचं दर्शन शुभ म्हणतात. मी खिडकीतून हात जोडावेत की चप्पल मारावी, ह्या विचारात बसून राहिले. ते गेल्यावर बाहेर जाऊन पाहिलं तर सकाळच्या रांगोळीवर स्पष्ट पावलं होती. पाच पाच बोटं, आणि प्रत्येक बोटापुढे नखाचा ठिपका.

ह्यांनी फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं. "मुंगूस शे. लॉन खाले हुमणी व्हई. ते ती येची खास." म्हणजे वेचून खातं.

मी खुरपं घेऊन एका खड्ड्याशेजारी माती उकरली. गवताची लादी सतरंजीसारखी हातात उचलून आली. खाली मुळं नव्हतीच. आणि मातीत पांढऱ्या, जाड, अंग दुमडून पडलेल्या अळ्या. तपकिरी डोकी. हुमणी! एका वीतभर जागेत सात-आठ. कपाशीवाल्याला, भुईमूगवाल्याला विचारा, हे नाव ऐकून ते थेट शेताकडे धावतात. मुळं तीच खात होती. मुंगूस बिचारं माझंच काम करत होतं.

आणि हुमणी येते कशातून? कच्च्या शेणखतातून. हे मात्र मला माहीत होतं. खत कुणाचं? माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असं आहे होय! कानबाई जळगावला जाणार हे हिला सहन झालं नाही. म्हणून गोण्या भरभरून कच्चं खत पाठवलं. वर आता मुंगूस ओळखून शहाणपणही मिरवतेय!

दोन दिवसांनी आबा आले. लॉनवर आता ठिकठिकाणी पिवळे चट्टे पडले होते. आबा काठी टेकून मध्ये उभे राहिले आणि काही बोलायच्या आत मीच सुरू झाले. सगळं बोलले. खत बोलले, हुमणी बोलले, सव्वीस वर्षांची फरशी बोलले. "तिला कानबाई सोडवत नाही, म्हणून तिने मुद्दाम कच्चं खत पाठवलं," असं स्वच्छ शब्दांत बोलले. हे "अगं, अगं" करत होते. आबांनी ह्यांना सांगितलं, लाव तिला फोन.

फोन स्पीकरवर लागला. आबांनी विचारलं, "खत कच्चं व्हतं का?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "हा आबा. कच्चंच व्हतं."

एवढंच. मी विजयी मुद्रेने ह्यांच्याकडे पाहिलं.

आबा ओट्यावर बसले. पाणी प्यायले. म्हणाले, "दोघी जावांच्या मनात असं असेल तर कानबाई दोन्हीकडे नको. यंदा गावलेच बसी, मन्हा घर." म्हणजे त्यांच्या घरी. आणि काठी घेऊन निघाले. माझी मुद्रा कुठल्या कुठे गेली. माझ्याकडे तर आलीच नाही, आणि तिच्याकडूनही गेली. खरं सांगायचं तर ह्यातल्या दुसऱ्या गोष्टीने मला थोडं बरं वाटलं. दोन दिवस वाटत राहिलं.

इथे मी एक गोष्ट कबूल करते, जी त्या दिवशी आबांना सांगितली नव्हती आणि स्वतःलाही आठवू दिली नव्हती. खताचा टेम्पो आला त्या दिवशी अक्काचा मला एक व्हॉइस मेसेज आला होता. दीड मिनिटाचा. मी नाव बघितलं, लांबी बघितली आणि म्हटलं, आता ही मला खत कसं टाकायचं ते शिकवणार. मला शिकवायला निघाली! मी तो लावलाच नाही. त्यावर पुढे तिचे सुविचार आले, सणांच्या शुभेच्छा आल्या, मेसेज वर वर सरकत गेला.

कानबाईच्या आदल्या संध्याकाळी, गावाला न्यायच्या पिशव्या भरून झाल्यावर, मी तो शोधून काढला. का शोधला ते सांगता येणार नाही. तिने फोनवर घेतलेला तो वेळ मनातून जात नव्हता. ज्या माणसावर मुद्दाम केल्याचा आळ येतो ते माणूस उसळतं. ती उसळली नव्हती. मी पलंगाच्या कडेवर बसून मेसेज लावला.

"हां, देख. खत कच्चं शे बरं. आते टाकू नको. सावलीमा पसारी ठेव, पानी मार, दोन महिना राहू दे. हुमणी दिसनी ते येची काढ, नहीते बठ्ठं लॉन खाई जाई. आनि आखो एक सांगस. आबास्ले मीच सांगेल शे, यंदा कानबाई जळगावले बसाडा. तुनं मन शे, माले माहीत शे. गुडघानं ते नुसतं निमित्त शे. तू कोणले सांगू नको."

पुढे काही सेकंद तिचा श्वास आणि मागे कुठेतरी कुकरची शिट्टी. मग संपला.

मी परत लावला नाही. एकदाच पुरला.

दुसऱ्या दिवशी गावी आबांच्या घरी सगळी भाऊबंदकी जमली. अक्का स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सगळ्यांना कामं सांगत होती. मी आत न जाता सरळ ओसरीवर गेले. आबा, आमचे हे, मोठे दीर, चुलत दीर, सगळे बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. मेसेज आला होता, मी ऐकला नाही, खत माझ्या घाईने कच्चं पडलं, आणि आळ तिच्यावर घातला.

आबांनी आत हाक मारली, "का वं, त्या दिनले बोलनी का नही तू?"

आतून तिचा आवाज आला, "ती पहिलेच मन्हावर इतली जळस. आखो कितली जळी?"

अख्खं घर हसलं. ओसरी हसली, स्वयंपाकघर हसलं, आमचे हे तर डोळे पुसायला लागले. म्हणजे मी तिच्यावर जळते हे सगळ्यांना माहीत होतं! सव्वीस वर्षं मी जे पोटात दाबून ठेवलं होतं ते ह्या घरातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. मला धरणी दुभंगावी असं झालं. मग लगेच सुरू झालं, काय मन आहे थोरलीचं, काय सोसलं, शब्दाने बोलली नाही. पुन्हा तिचंच कौतुक. कबुली मी दिली, आणि कौतुक तिचं! खोटं नाही सांगत, तेव्हासुद्धा मला कळ आली.

रोट खाऊन झाले. बायका उठल्या, आणि अक्काला खुर्चीतून उठवायला मी गेले. जवळ कुणी नव्हतं. मी विचारलं, "अक्का, मी ऐकलंच नाही हे तुम्हाला कळलं होतं ना?"

"हा. ऐकाल्यावर ते निळं व्हस ना, माइकनं चित्र," ती म्हणाली. तिने माझ्या दंडाला धरून पाय सरळ केला. माझ्याकडे बघितलं नाही. "आखाजीपासून रोज उघाडीसन देखं मी. आज व्हई, सकाय व्हई. काल संध्याकाळे व्हयनं."

मी सव्वीस वर्षं तिच्या एकेका कौतुकाची नोंद ठेवली होती. धुळ्याला बसून कुणी तीन महिने रोज माझी वाट बघतंय, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी तिचा सगळा भार अंगावर घेतला आणि तिला हळूहळू कानबाईपुढे नेऊन बसवलं.